‘सकल’ या शब्दात न दिसणारा घसारा : पार्थ दासगुप्ता

पाणवठा

अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्तांवर मराठीत सविस्तर काही लिहावं असं बरीच वर्षं मनात होतं. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण येतं. सकल देशांतर्गत उत्पादनाची व्याख्या फळ्यावर लिहायची आणि सांगायचं, ‘सकल’ म्हणजे घसारा वजा न करता. घसारा कशाचा? यंत्रांचा, इमारतींचा, रस्त्यांचा. पुस्तक इथेच थांबतं. विहिरीचं पाणी खाली गेलं, डोंगराची माती वाहून गेली, नदीतले मासे संपले, तर ती झीज कुठेच वजा होत नाही. उलट पाणी खाली गेल्यावर जी बोअर मारली जाते तिचा खर्च उत्पादनात जमा होतो. ही झीज मांडायची कशी, याचं गणित उभं करण्यात दासगुप्तांनी जवळजवळ पन्नास वर्षं घातली.

जन्म १७ नोव्हेंबर १९४२, ढाका. वडील अमियकुमार दासगुप्ता स्वतः मोठे अर्थतज्ज्ञ, पुढे बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायचे. अमर्त्य सेन यांच्या घराशी त्यांचा घरोबा होता. असं घर असूनही पार्थ आधी अर्थशास्त्राकडे गेले नाहीत. वाराणसीच्या राजघाट बेझंट स्कूलमधून शाळा, दिल्लीच्या हंसराज कॉलेजातून १९६२ साली भौतिकशास्त्राची पदवी, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित. अर्थशास्त्रात आले ते त्यानंतर. १९६८ साली जेम्स मिर्लीज यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट झाली. मिर्लीजना पुढे १९९६ साली नोबेल मिळालं. दासगुप्तांच्या पत्नी कॅरल या १९७७ चे नोबेल विजेते जेम्स मीड यांच्या कन्या, म्हणजे वडील, गुरू आणि सासरे तिघेही याच विषयातले.

१९७१ पासून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि अर्थशास्त्रज्ञांना एकदम जाग आली की जमिनीखालचा साठा संपणारा आहे. तो किती वेगाने काढावा, पुढच्या पिढीसाठी किती ठेवावा? १९७४ साली दासगुप्ता आणि जेफ्री हील यांनी यावर निबंध लिहिला, १९७९ साली दोघांचा मोठा ग्रंथ आला. हा विषय प्रतिष्ठेचा होता, कारण तेलाला बाजार होता, भाव होता.

मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्याच्या पुढच्या पावलात. तेलाकडून ते गावाकडे वळले. जंगल, ओढा, गायरान, तळं. इथे भाव नाही, सातबारा बहुतेकदा सरकारच्या नावावर किंवा कुणाच्याच नाही, आणि जगणं मात्र त्यावर. एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या सात राज्यांच्या कोरडवाहू भागातल्या गावांत, त्यात महाराष्ट्रातलीही होती, फिरून १९८६ साली दाखवलं की गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातला १४ ते २३ टक्के वाटा सामाईक जमिनीतून येतो. सरपण, चारा, डिंक, पाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात यातलं फारसं काही दिसत नाही. दासगुप्ता आपल्या लेखनात हा अभ्यास पुन:पुन्हा आणतात. त्यांचं म्हणणं असं, की गायरान गेलं तर गरिबाचा खिसा कापला जातो, पण देशाच्या वहीत चोरीची नोंदच होत नाही.

उरलेलं संध्याकाळी लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

हिशेबनीस

ताई, उत्तम धागा. मी सनदी लेखापाल आहे, म्हणून मला एक गोष्ट लगेच भिडली. सकल उत्पादन हे नफातोटा पत्रकासारखं झालं, वर्षभरात काय आलं-गेलं एवढंच. कुठल्याही धंद्याचं खरं चित्र ताळेबंदात दिसतं. मालमत्ता किती, देणी किती. माझ्याकडे एक व्यापारी यायचे. दरवर्षी नफा वाढता. ताळेबंद पाहिला तर गोदामं एकेक करून विकत होते आणि आलेले पैसे उत्पन्नात धरत होते. मुद्दल खाणं म्हणतात ते हेच. देशांचा ताळेबंद कुणी मांडतं का?

पाणवठा

@हिशेबनीस, तुम्ही नेमक्या जागी आलात. दासगुप्तांचा सगळा आग्रह हाच की उत्पन्न मोजू नका, संपत्ती मोजा. संपत्तीचे तीन भाग ते करतात. माणसाने बनवलेलं भांडवल, म्हणजे रस्ते, यंत्रं, इमारती. मानवी भांडवल, म्हणजे शिक्षण, आरोग्य, कौशल्य. आणि नैसर्गिक भांडवल. तिन्हींची मिळून बेरीज दरडोई घटत असेल तर उत्पादन वाढत असलं तरी देश गरीब होतोय. २०१२ साली रिओच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी या पद्धतीचा पहिला अहवाल काढला, त्यामागे दासगुप्तांचा मोठा सल्ला होता. आपल्या केंद्र सरकारनेही त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. भारताचे राष्ट्रीय हिशेब हिरवे कसे करता येतील, याचा आराखडा तिने २०१३ साली दिला.

सगळ्यात गाजला तो ब्रिटिश अर्थखात्याने २०१९ साली त्यांच्याकडे सोपवलेला अहवाल. २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, सुमारे सहाशे पानांचा. एका देशाच्या पर्यावरण खात्याने नव्हे, अर्थखात्याने निसर्गाच्या अर्थकारणाचा असा समग्र अभ्यास मागवला ही नवी गोष्ट होती. त्यातला एक आकडा मी वर्गात दरवर्षी सांगते. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई बनवलेलं भांडवल दुप्पट झालं, दरडोई मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं, आणि दरडोई नैसर्गिक भांडवल जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. हिशेबनीसांचा व्यापारी आणि त्याची गोदामं.

आणखी एक. निसर्गाचा हिशेब इतका अवघड का, याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार सुंदर वाटतं. निसर्ग हलता आहे, मुका आहे आणि बराचसा अदृश्य आहे. वारा, पाणी, मासे, पक्षी कुंपण मानत नाहीत. मातीतले जीव दिसत नाहीत. आणि नुकसान झालं तरी कुणी तक्रार घेऊन येत नाही.

सह्यपठार

वाचताना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सतत आठवत होते. योगायोग बघा. गाडगीळही १९४२ चेच, जन्म पुण्याचा. त्यांचेही वडील अर्थतज्ज्ञ, धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले. माधवरावही गणिती अंगाने जीवशास्त्रात गेले. २०१५ चा पर्यावरणासाठीचा टायलर पुरस्कार गाडगीळांना विभागून, २०१६ चा दासगुप्तांना. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा सर्वोच्च सन्मान दासगुप्तांना २०२२ साली, गाडगीळांना २०२४ साली. एक अर्थशास्त्राकडून रानाकडे आला, दुसरा रानाकडून अर्थशास्त्राकडे.

कर्नाटकातल्या बांबूची गोष्ट गाडगीळांनी अनेकदा लिहिली आहे. कागद गिरणीला सरकार बांबू दीड रुपया टनाने देत होतं. त्याच वेळी टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. गिरणीला इतका स्वस्त मिळाल्यावर ती जपून कशाला तोडेल? एक रान संपलं की पुढचं. दासगुप्ता ज्याला चुकीची किंमत म्हणतात ती हीच ना?

पाणवठा

@सह्यपठार, हीच. दासगुप्तांचं स्वतःचं उदाहरण याच जातीचं आहे. नदीच्या वरच्या अंगाला ठेकेदाराला जंगलतोडीची परवानगी मिळते. खालच्या अंगाला शेतात गाळ येतो, पूर येतो, उन्हाळ्यात पाणी आटतं. खालच्यांना भरपाई नाही. ते लाकूड परदेशी जातं तेव्हा त्याचा भाव कमी असतो, कारण खर्चाचा मोठा भाग खालच्या गावाने सोसलेला असतो. म्हणजे निर्यातीला अनुदान दिलं कुणी? सरकारने नव्हे, त्या गरीब शेतकऱ्यांनी, आणि घेणारा बहुधा श्रीमंत देशातला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.

करवंदीची_जाळी

धागा चांगला आहे, पण मला हे सगळं पटत नाही आणि स्पष्टच लिहिते. मी आदिवासी भागात वनहक्कांवर काम करते. निसर्गाला ‘भांडवल’ म्हणायला सुरुवात केली की पुढची पायरी ठरलेली असते. किंमत लावली की विकायला मोकळे. कंपनी म्हणेल, या जंगलाची किंमत अमुक कोटी, हे घ्या पैसे आणि व्हा बाजूला. देवराईला किंमत कशी लावणार? दुसरं, दासगुप्ता लोकसंख्येवर फार बोलतात. गरिबांना मुलं जास्त होतात हे ऐकून आमचे कान किटले आहेत.

पाणवठा

@करवंदीची_जाळी, तुमचे दोन्ही आक्षेप त्यांच्यावर जगभर घेतले गेलेत आणि दोन्ही झटकून टाकण्यासारखे नाहीत. मला समजलं तसं सांगते.

ते ज्या किमतीबद्दल बोलतात ती विक्रीची नाही, हिशेबाची किंमत आहे. आमच्या भाषेत छायाकिंमत. आज जंगलाची वहीतली किंमत शून्य आहे, आणि शून्य हीसुद्धा कुणीतरी लावलेलीच किंमत आहे. त्याच शून्यावर धरणाच्या, खाणीच्या प्रकल्पांचे लाभ-खर्च बसवले जातात. दासगुप्ता या कामाला नवखे नव्हते. १९७२ साली स्टीफन मार्गलिन आणि अमर्त्य सेन यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी प्रकल्प कसे तपासावेत याची मार्गदर्शिका लिहिली होती. अहवालात ते हेही लिहितात की निसर्गाला स्वतःचं मोल आहे, काही जागा पवित्र असतात, आणि काही ठिकाणी किंमत न लावता थेट मर्यादा घालावी, इतकंच तोडा, याच्या पुढे नाही. तरी ‘भांडवल’ या शब्दाचा दुरुपयोग होईल ही तुमची भीती मलाही आहे. शब्द एकदा बाहेर पडला की लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

लोकसंख्येचं जरा लांबलचक आहे. त्यांचा डॉक्टरेटचा विषयच तिथून सुरू झाला. १९९५ साली त्यांनी मांडलेली साखळी अशी. झाडं मागे हटली की सरपण लांबून आणावं लागतं, झरा आटला की पाणी लांबून. घरात जास्त हात लागतात, आणि ते हात मुलांचे, त्यातही मुलींचे. हात वाढले की झाडं आणखी मागे हटतात. यात ते गरिबाला मूर्ख ठरवत नाहीत, त्याच्या जागी उभं राहून हिशेब करतात. उपाय म्हणून सांगतात बाईचं शिक्षण, चुलीजवळ इंधन, दाराशी पाणी. निसर्गावरचा भार मोजणाऱ्या अहवालातल्या सूत्रात लोकसंख्येबरोबर दरडोई उपभोगही आहे. सध्याच्या राहणीला १.६ पृथ्व्या लागतात असं ते सांगतात. पण तो जादा भार नेमका कुणाच्या राहणीचा, हे मला अहवालात जितकं ठणकावून हवं होतं तितकं मिळालं नाही. इथे मी तुमच्या बाजूची आहे.

करवंदीची_जाळी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. छायाकिमतीचा मुद्दा समजला. पूर्ण पटला नाही, पण आमच्या भागातल्या खाणीच्या सुनावणीचे कागद पुन्हा काढून बघते. त्यात जंगलाखाली काय लिहिलंय ते आता नीट वाचायचं आहे.

केमकाठ

मी मूळची सांगलीची, गेली बारा वर्षं केंब्रिजजवळ राहते. अहवालाला इथल्या सरकारने जून २०२१ मध्ये उत्तर दिलं, बरीच वचनं दिली. फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या बांधकामांना आधीपेक्षा १० टक्के जास्त जैवविविधता करून द्यावी लागते आणि ती तीस वर्षं टिकवावी लागते. हा नियम फक्त या अहवालामुळे आला असं मी म्हणणार नाही, पण विचाराची दिशा तीच. आमच्या घरामागे नवी वस्ती झाली. जुनं काटेरी कुंपण होतं, त्यात पाखरं असायची. ते गेलं. आता तिथे प्लास्टिकच्या नळ्यांत खोचलेली रोपं रांगेने उभी आहेत. कागदावर १० टक्के वाढ. तीस वर्षांनी कोण तपासणार, हा प्रश्न मी स्थानिक कौन्सिलला लिहून विचारला आहे, उत्तराची वाट पाहते.

तृतीय_वर्ष

नमस्कार, मी तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलंय. दोन शंका. यांना नोबेल का नाही? आणि या विषयात जायचं तर काय करावं लागेल? घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

पाणवठा

@तृतीय_वर्ष, २०१८ चं नोबेल विल्यम नॉर्डहाउस यांना हवामान बदलाच्या कामासाठी मिळालं तेव्हा मीही हळहळले होते. हवामानाचं गणित एका वायूभोवती बांधता येतं. दासगुप्तांचा प्रश्न माती, मासे, मधमाश्या, गायरान असा हजार ठिकाणी विखुरलेला. माझ्या मते त्यांची अडचण तीच आणि मोठेपणही तेच. मानसन्मान कमी नाहीत. २००२ साली सर झाले. त्याच वर्षी स्वीडिश मित्र कार्ल-योरान मेलर यांच्याबरोबर व्होल्वो पर्यावरण पुरस्कार. २००४ साली रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेचे फेलो, आणि हा मान अर्थशास्त्रज्ञाला क्वचित मिळतो.

दुसऱ्या शंकेसाठी मेलरांचं नाव लक्षात ठेव. या दोघांनी स्टॉकहोमच्या बायर संस्थेतून अर्थशास्त्रज्ञ आणि परिसरशास्त्रज्ञ यांना एका टेबलाशी बसवलं, आणि गरीब देशांतल्या तरुण शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. १९९९ साली काठमांडूत दक्षिण आशियातल्या पर्यावरण अर्थशास्त्राचं जाळं उभं राहिलं, त्यामागे हे दोघे होते. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भारत इथल्या कितीतरी संशोधकांना त्यातून पहिली मदत मिळाली. माझ्या मते हे काम त्यांच्या ग्रंथांइतकंच मोलाचं.

तुझ्यासाठी मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्यात गोखले संस्था, दिल्लीत आर्थिक विकास संस्था. गणित आणि संख्याशास्त्र पक्कं कर. आणि सुट्टीत एखाद्या गावात महिनाभर राहा. सरपण कोण आणतं, किती लांबून, किती वेळ लागतो, हे वहीत लिही. बँकेची परीक्षाही दे, घरच्यांच्या काळजीला कारण असतं.

सड्यावरचा

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो, कारण वरचं-खालचं अंग वाचून पोटात कालवलं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घरामागे भाऊबंदांचा सामाईक डोंगर, किंजळ, ऐन, कुंभा, हेळा अशी झाडं. २०१४ साली एका लाकूडतोडवाल्याला उभं रान दिलं. साठ हजार आले, तीन वाटे झाले, वीस-वीस हजार. माझ्या वाट्यातून घराची कौलं काढून पत्रे घातले. सही माझीही होती. डोंगराच्या पायथ्याशी वहाळ आहे, तो आधी मे महिन्यापर्यंत वाहायचा. आता शिमग्याच्या सुमाराला कोरडा. चार घरांत मिळून टँकर आणतो.

हिशेबनीस

@सड्यावरचा, दादा, लिहिलंत हे बरं केलंत. तुमची हरकत नसेल तर ताळेबंद मांडून बघू? टँकर किती, कितीला, किती आठवडे?

सड्यावरचा

आईला फोन करून विचारलं. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत साधारण पंधरा आठवडे. आठवड्याला एक टँकर, बाराशे रुपये. पण एक सांगायला हवं. २०१७ साली वरच्या वाडीत बोअर मारली आहे. सगळा दोष तोडीचा असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

हिशेबनीस

पंधरा गुणिले बाराशे, वर्षाला अठरा हजार. चार वर्षांत बहात्तर हजार. निम्मा दोष बोअरकडे दिला तरी सात वर्षांत साठ हजार पार होतात आणि वहाळ काही परत येत नाही. शिवाय टँकरचे पैसे चार घरं भरतात आणि लाकडाचे तीन वाट्यांना मिळाले. चौथं घर कुणाचं?

सड्यावरचा

चौथं घर आमच्या कुळाचं. डोंगरात त्यांचा वाटा नव्हता. सरपण आणि पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, मात्र तेच न्यायचे.

पाणवठा

दादा, त्या चौथ्या घराचं सरपण आणि पातेराही मांडा. आता गॅस घेतात का, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, तोडलेल्या फांद्यांचं कवळ कुठून आणतात, हे विचारा. जे मोजता येत नाही, म्हणजे वहाळातले खेकडे, मळ्याचे मासे, डोंगरातली कुर्डूची भाजी, त्या रकान्यात शून्य लिहू नका. रकाना रिकामा ठेवा, वर नाव लिहा. दासगुप्तांचा अर्धा झगडा त्या शून्याशी आहे.

सड्यावरचा

रकाने आखले. गणपतीला गावी जाणार आहे तेव्हा त्या घरातल्या वहिनींना विचारतो. पातेऱ्याचा हिशेब त्यांनाच ठाऊक. किंजळाचे फुटवे खोडांतून आलेत असं आई म्हणत होती, तेही मोजून आणतो.